रहिवासाचा दाखला आणि परदेशची वाट

परदेशीं राहावयास निघालेल्या माणसास देश सोडण्यापूर्वीं एक चमत्कारिक काम करावें लागतें. जें ठिकाण तो सोडणार, त्याच ठिकाणचे आपण आहों, हें त्यास कागदोपत्रीं सिद्ध करावें लागतें. जन्म कोठें झाला, बाप कोठला, घर कोणत्या गांवांत, तालुका कोणता, जिल्हा कोणता, वास्तव्य किती वर्षांचें, हें सर्व तलाठ्याच्या, ग्रामपंचायतीच्या आणि तहसीलदाराच्या शिक्क्यानिशीं मांडल्यावांचून पुढच्या देशाचें दार उघडत नाहीं. पुण्या-साताऱ्याकडच्या कुटुंबास या कामीं हेलपाटे पडतात, कंटाळा येतो; पण कोडें पडत नाहीं. गांव जेथें होता तेथेंच आहे आणि जिल्हाहि बहुधा तोच आहे. उत्तर कोंकणच्या टोकास, डहाणू व तलासरी या दोन तालुक्यांत मात्र हाच साधा प्रश्न विचारला म्हणजे इतिहासाचीं चार-पांच दप्तरें सोडावीं लागतात. येथें माणसें जागच्या जागीं राहिलीं आणि सीमा त्यांच्या अंगावरून पुढेंमागें फिरत गेल्या. या फिरत्या सीमांचा हिशेब देण्याची जबाबदारी शेवटीं कोणावर येऊन पडली, तें पाहण्याचा या लेखाचा हेतु आहे.

मुलूख डोळ्यांपुढें असावा म्हणून दोन शब्द सांगतों. डहाणूच्या पश्चिमेस समुद्र. किनाऱ्यालगत बोर्डी, घोलवड या बाजूस चिकूच्या वाड्या. पूर्वेस डोंगर व जंगल, आणि त्यांत वारली, कोकणा, दुबळा या लोकांचे पाडे. डहाणूच्या उत्तरेस तलासरी. मुंबईहून अहमदाबादेकडे जाणारा हमरस्ता तलासरीवरून जाऊन अच्छाडच्या नाक्यापाशीं महाराष्ट्राची हद्द ओलांडतो. ईशान्येस उधव्याच्या बाजूनें गेलें कीं नगर हवेली लागते. त्या हद्दीच्या अलीकडे वारली, पलीकडेहि वारली. भात तेंच, नाचणी तीच, देव तेच. पण या हद्दीची दुसरी बाजू पावणेदोनशें वर्षें यूरोपांतील एका राज्याच्या ताब्यांत होती.

परक्या मुलखांत राहण्याच्या परवानगीची या किनाऱ्यावरील सर्वांत जुनी कथा पारशांची आहे. तलासरीच्या वायव्येस थोड्याच कोसांवर संजाण आहे. ‘किस्से-संजाण’ हें फारशी काव्य नवसारीच्या बहमन कैकोबाद यानें इ. स. १५९९ मध्यें रचलें. म्हणजे मूळ घटनेनंतर कित्येक शतकांनीं. त्यामुळें त्यास इतिहास म्हणावयाचें कीं परंपरा, याचा निर्णय पंडितांवर सोपवावा. त्यांतील हकीकत अशी कीं, इराणांतून आलेल्या या निर्वासितांस जादी राणा नांवाच्या राजानें कांहीं अटी घातल्या. आपला धर्म काय तें समजावून सांगावें. स्वदेशची भाषा टाकून येथली बोलावी. बायकांनीं येथला पोषाख करावा. हत्यारें खालीं ठेवावीं. लग्नें सायंकाळीं लावावींत. या अटींकडे आजच्या दृष्टीनें पाहिलें असतां एक गोष्ट ध्यानांत येते. राजानें जन्माचा पुरावा मागितला नाहीं, बापाचें गांव विचारलें नाहीं, मागच्या देशांत तुमची वर्तणूक कशी होती याचा दाखला आणा म्हणून सांगितलें नाहीं. येथें कसे राहाल, एवढेंच त्यानें विचारलें. आजच्या परवान्याचा सारा रोख याच्या उलट, मागच्या बाजूस असतो.

याच किनाऱ्यावर पुढें एकोणिसाव्या-विसाव्या शतकांत इराणांतून झरतुश्ती कुटुंबें पुन्हां येऊन राहिलीं आणि त्यांच्या हातून डहाणू-घोलवडच्या बागा वाढल्या. त्यांतील जे इराणचे प्रजाजन होते त्यांस मात्र १९३९ सालच्या परकीयांच्या नोंदणीच्या कायद्यानें सरकारी दप्तरांत हजिरी लागली. तो कायदा २०२५ सालीं रद्द होऊन त्याच्या जागीं नवा आला आहे. येथें एक गमतीची गोष्ट सांगावीशी वाटते. चिकू हें झाड मूळचें मध्य अमेरिकेकडचें. पण २०१६ सालीं ‘डहाणू घोलवड चिकू’ या नांवास भौगोलिक निर्देशांकाची नोंद मिळाली. म्हणजे समुद्रापलीकडून आलेल्या एका फळास डहाणूचा रहिवासी असल्याचा पक्का सरकारी दाखला आहे, आणि तोहि एका अर्जांत. शेजारच्या पाड्यावरील कित्येक वृद्धांस तो अजून मिळावयाचा आहे.

समुद्रावर जाण्याच्या परवान्यांचा इतिहास वाचकांस साधारण ठाऊक असेल, म्हणून तो थोडक्यांत आटोपतों. सोळाव्या शतकाच्या आरंभापासून पोर्तुगीजांनीं पश्चिम किनाऱ्यावर ‘कार्ताझ’ नांवाचा परवाना चालूं केला. त्यांत जहाजाचें नांव, नाखवा कोण, जहाज केवढें, हत्यारें किती, जाणार कोठें, हें लिहिलेलें असे. कार्ताझ नसलेलें जहाज सांपडलें तर तें जप्त होई. या कागदापुढें मोंगल बादशाहीचेंहि कांहीं चालत नसे. अकबराची आत्या गुलबदन बेगम मक्केच्या यात्रेस निघाली तेव्हां तिलाहि सुरतेस परवान्यासाठीं बरेच दिवस अडकून पडावें लागलें. पुढें कान्होजी आंग्र्यांनीं याच समुद्रावर आपलें दस्तक चालविलें, तेव्हां ज्यांनीं आजवर इतरांस परवाने दाखवावयास लाविले होते त्या यूरोपियनांस तो प्रकार फार अन्यायाचा वाटला. डहाणूचा कोट या काळांत फिरंग्यांकडे होता. १७३९ सालीं चिमाजी अप्पांच्या मोहिमेंत हा सारा किनारा मराठ्यांच्या ताब्यांत आला.

आतां मुख्य गोष्टीकडे वळूं. तलासरीच्या ईशान्येची ती हद्द पडली कशी? पुणें दरबार आणि पोर्तुगीज यांच्यांत १७ डिसेंबर १७७९ रोजीं तह झाला. इंग्रजांशीं युद्ध चालूं असतां पोर्तुगीजांचा स्नेह राखणें दरबारास इष्ट होतें. शिवाय १७७२ सालीं मराठी आरमारानें त्यांचें ‘सांताना’ नांवाचें जहाज पकडलें होतें, त्याच्या भरपाईचा प्रश्न होता. या तहाप्रमाणें दमणच्या बाजूचीं १२,००० रुपयांच्या वार्षिक उत्पन्नाचीं खेडीं त्यांस तोडून देण्याचें ठरलें. १७८३ व १७८५ सालीं तीं प्रत्यक्ष त्यांच्या स्वाधीन झालीं. दरबाराच्या दृष्टीनें हा व्यवहार नित्याचाच होता. पेशवाईंत अशा नेमणुका शेंकड्यांनीं झाल्या. सरदारास फौजेच्या खर्चासाठीं गांव लावून द्यावे, त्यानें उत्पन्न खावें, मुलूख सरकारचा सरकारकडे. यास सरंजाम म्हणत. पुण्याच्या फडावर ज्या कारकुनानें ही सनद लिहिली असेल, त्यानें ती दुसऱ्या दहा सनदांप्रमाणेंच लिहून, वाळू टाकून, बाजूस ठेविली असेल.

ही सनद पुढें पावणेदोनशें वर्षांनीं हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयांत वाचली गेली. तो प्रसंग मराठी वाचकानें मुद्दाम लक्षांत ठेवण्यासारखा आहे. १९५४ सालीं दादरा आणि नगर हवेली पोर्तुगीजांच्या हातून गेली. तेव्हां दमणहून तेथें जाण्यास आपल्याला भारताच्या हद्दींतून वाट मिळण्याचा हक्क आहे, असा दावा पोर्तुगालनें २२ डिसेंबर १९५५ रोजीं दाखल केला. हक्क सिद्ध करावयाचा तर मुळांत त्या खेड्यांवर आपलें राज्य होतें हें दाखविणें भाग. आणि तें दाखवावयाचें तर १७७९ चा तह काढणें भाग. झालें! मराठी मजकूर, त्याचीं भाषांतरें, शब्दांचे अर्थ यांवर जगांतील नामांकित कायदेपंडितांचा खल सुरू झाला. ‘सरंजाम’ आणि ‘जहागीर’ हे आपल्या बखरींतले शब्द त्या निकालपत्रांत जसेच्या तसे आले आहेत. मुंबई हायकोर्टाचे माजी मुख्य न्यायाधीश छागला हे त्या खटल्यापुरते भारतातर्फे न्यायासनावर होते.

न्यायालयानें १२ एप्रिल १९६० रोजीं निकाल दिला. मराठ्यांनीं दिलें तें केवळ महसुलाचें उत्पन्न, सार्वभौमत्व नव्हे, हें भारताचें म्हणणें त्यानें मान्य केलें. परंतु इंग्रज या भागाचे धनी झाले तेव्हां त्यांनीं पोर्तुगीजांस तेथें राज्य करतांना पाहिलें व ती वस्तुस्थिति मुकाट्यानें मान्य केली, म्हणून तें राज्य व्यवहारांत खरें ठरलें, असाहि निष्कर्ष काढला. सव्वाशें वर्षांहून अधिक काळच्या वहिवाटीनें खाजगी माणसें, मुलकी अधिकारी आणि माल यांस जाण्यायेण्याचा हक्क होता. सशस्त्र शिपाई, पोलीस व हत्यारें यांस तो नव्हता. आणि १९५४ सालीं भारतानें वाट बंद केली त्यांत कांहीं गैर केलें नाहीं, असें बहुमतानें ठरलें. दोन्ही बाजूंस थोडें थोडें मिळालें. पण आमच्या विषयाच्या दृष्टीनें निकालापेक्षां त्यामागची गोष्ट महत्त्वाची आहे. उत्पन्न खाण्यासाठीं दिलेला एक कागद शंभर-सव्वाशें वर्षें कोणी हटकला नाहीं म्हणून राज्याची सीमा होऊन बसला. आणि त्या सीमेच्या आंत जन्मलेलें मूल आपण कोणत्या राजाचे प्रजाजन, हें त्या कागदावरून ठरवून घेऊं लागलें.

अर्थात् त्या मुलास तें ठाऊक नव्हतें. इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्यांत १८७८ सालीं जो तह झाला त्यांत एकमेकांच्या सशस्त्र लोकांनीं हद्द ओलांडण्यासंबंधीं कडक नियम होते. साधा माणूस मात्र नेहमींच्या देखरेखीखालीं जाई येई. बाजार, सोयरीक, देवकार्य, मजुरी यांसाठीं हद्दीवरच्या रानांतून येणेंजाणें चालूं राहिलें. बंदूक घेतलेल्या शिपायास अडविणारी रेघ डोक्यावर मोळी घेतलेल्या बाईस दिसत नव्हती. सोयरिकीचीच गोष्ट घ्या. आपल्याकडे पुष्कळ घरांत पहिलें बाळंतपण माहेरीं करण्याची चाल आहे. जिचें सासर तलासरीकडे आणि माहेर नगर हवेलींत, तिचें पहिलें मूल पोर्तुगीज अंमलांत जन्मावें आणि दुसरें-तिसरें इंग्रजी अंमलांत, यांत त्या काळीं कोणास नवल वाटण्याचें कारण नव्हतें. एका चुलीवर जेवणाऱ्या सख्ख्या भावंडांचे जन्मदेश वेगळे. त्यांत कोणाचाहि बेत नव्हता. एका आजीनें लेकीस बाळंतपणास घरीं आणलें, एवढेंच कारण.

२ ऑगस्ट १९५४ रोजीं सिल्व्हासा स्वतंत्र झालें. ११ ऑगस्ट १९६१ पासून दादरा व नगर हवेली भारतांत रीतसर सामील झाली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत गोवें, दमण व दीव येथील पोर्तुगीज अंमल संपला. मग १९६२ सालीं नागरिकत्वाचे हुकूम निघाले. गोवें, दमण व दीव यांसंबंधींच्या हुकुमाचा आशय असा: २० डिसेंबर १९६१ पूर्वीं जो स्वतः, अथवा ज्याच्या आईबापांपैकीं किंवा आजा-आजींपैकीं कोणी, त्या मुलखांत जन्मला असेल तो भारताचा नागरिक झाला असें समजावें, कोणास परकें नागरिकत्व ठेवावयाचें असेल तर त्यानें महिन्याच्या आंत लेखी कळवावें. दादरा-नगर हवेलीसाठींहि १९६२ सालींच स्वतंत्र हुकूम झाला. गवंडीकाम करणारा किंवा गवत कापणारा माणूस आपलें नागरिकत्व बदललें, हें वाचून जाणणार कोठून? एका सकाळीं तो पूर्वीं जेथें उभा होता तेथेंच उभा राहून दुसऱ्या देशाचा झाला. आणि हें त्याच्या हिताचेंहि होतें, यांत आम्हांस शंका नाहीं.

खरा पेंच पुढें आला. पोर्तुगालांत १९७४ सालीं राज्यक्रांति झाली. नव्या सरकारनें ३१ डिसेंबर १९७४ रोजीं दिल्लींत तह करून गोवें, दमण, दीव, दादरा व नगर हवेली यांवरील भारताचें सार्वभौमत्व मान्य केलें. त्यानंतर सहाच महिन्यांनीं, जून १९७५ मध्यें, लिस्बनमध्यें एक कायदा झाला. वसाहती सुटल्या तेव्हां तेथील लोकांपैकीं कोणाचें पोर्तुगीज नागरिकत्व टिकतें याची यादी त्यांत होती. आणि तींत जुन्या पोर्तुगीज हिंदुस्थानांत जन्मलेले व तें नागरिकत्व राखूं इच्छीत असल्याचें जाहीर करणारे, असें एक कलम होतें. त्या कलमास आज पन्नास वर्षें होऊन गेलीं. त्याच्या आधारानें गोवें, दमण व दीव येथील हजारों कुटुंबांनीं लिस्बनच्या केंद्रीय नोंदणी-कचेरींत आपले, आपल्या आईबापांचे जन्म नोंदवून घेतले आणि त्या नोंदीच्या बळावर यूरोपांत वास्तव्याचा मार्ग धरला. इंग्लंडांतील लेस्टर शहरांत दमण-दीवच्या लोकांची मोठी वस्ती झाली ती याच वाटेनें. ब्रिटन यूरोपीय संघांतून ३१ जानेवारी २०२० रोजीं बाहेर पडलें. पूर्वींपासून राहणाऱ्यांस वास्तव्याचा हक्क पक्का करून घेण्याची सर्वसाधारण मुदत ३० जून २०२१ ला संपली. तेव्हांपासून ती वाट तेवढी सोपी राहिली नाहीं. पण पोर्तुगाल व इतर यूरोप उघडें आहे.

आतां त्या मघांच्या भावंडांकडे पुन्हां पाहा. ज्याचा जन्म माहेरच्या बाजूस झाला त्याच्या मुलांनातवंडांस कायद्याच्या अक्षरांत यूरोपचें दार आहे. ज्याचा जन्म दोन कोस अलीकडे झाला त्याच्या मुलांस सौदी अरबस्तानांत किंवा कतारांत मजुरीस जावयाचें तर आधीं निर्गमन-संरक्षकाची परवानगी काढण्याचा प्रसंग. कारण दहावी न झालेल्या माणसास १९८३ च्या निर्गमन कायद्याखालीं ठराविक देशांत नोकरीस जाण्यापूर्वीं ती लागते. भेद कर्तृत्वाचा नव्हे, जातीचा नव्हे, भाषेचाहि नव्हे. सांताना जहाजाचा आणि १२,००० रुपयांच्या सरंजामाचा.

परंतु कायद्याच्या अक्षरांतील दार आणि प्रत्यक्षांतील दार यांत अंतर आहे, आणि आमच्या मतें या साऱ्या इतिहासांतील खरा अन्याय तेथें आहे. लिस्बनची कचेरी हकीकत ऐकत नाहीं. ती नोंद मागते. जन्म पोर्तुगीज अंमलांत झाला एवढें पुरत नाहीं, तो त्या वेळीं वहींत उतरलेला असावा लागतो. ख्रिस्ती कुटुंबांचीं नांवें चर्चच्या बाप्तिस्म्याच्या पुस्तकांत होतीं. दमणच्या दर्यावर्दी व व्यापारी लोकांचा कचेरीशीं संबंध होता. रानांतल्या पाड्यावर जन्मलेल्या वारल्याच्या मुलाची नोंद करण्याची निकड मुलाच्या बापासहि नव्हती आणि सरकारासहि नव्हती. त्याचें वय सांगावयाचें तर तो अमक्या पुराच्या सालचा, किंवा जमीनदाराच्या अमक्या लग्नाच्या वेळचा. आमच्या बाजूचाहि डौल मिरविण्याचें कारण नाहीं. इंग्रजी अंमलांत जन्ममृत्यूची वही पोलीस-पाटलाकडे असे, आणि पाटलाच्या गांवापासून पाडा जितका दूर तितकी ती वही कोरी. जन्ममृत्यूच्या नोंदणीचा सर्व देशासाठीं एक कायदा १९६९ सालीं झाला.

ज्यांचे कागद होते त्यांचेंहि सारें सुखाचें झालें असें नाहीं. भारताची राज्यघटना दोन देशांचें नागरिकत्व एका वेळीं मान्य करीत नाहीं. १९५५ च्या कायद्याप्रमाणें दुसऱ्या देशाचें नागरिकत्व स्वेच्छेनें घेतलें कीं येथलें गेलें. मग लिस्बनच्या वहींत केवळ जन्म नोंदविला तर तें नागरिकत्व घेणें झालें, कीं तें मुळचेंच होतें आणि नोंद ही नुसती त्याची खूण? या प्रश्नावर निवडणुका लढविणाऱ्यांपासून न्यायालयांपर्यंत बराच वाद माजला. बाप लिस्बनला नांव नोंदवून बसतो, मुलगा भारताचा पासपोर्ट परत करून सरकारी कागद मागतो, आणि घरीं राहिलेल्या म्हाताऱ्या आईचें नांव मतदारयादींत राहावें कीं नाहीं याची चर्चा शेजारी करतात.

वास्तविक पासपोर्ट ही चीज आपल्याकडे फार जुनी नाहीं. पहिल्या महायुद्धापूर्वीं हिंदुस्थानांत तो देण्याची रीतच नव्हती. आनंदीबाई जोशी १८८३ च्या एप्रिलांत कलकत्त्याहून अमेरिकेस निघाल्या तेव्हां महाराष्ट्रांत वाद माजला तो समुद्र ओलांडण्याचा, खाण्यापिण्याचा आणि प्रायश्चित्ताचा, कागदांचा नव्हे. युद्धकाळांत हिंदुस्थान-संरक्षण कायद्याखालीं देशाबाहेर जाण्यास व आंत येण्यास पासपोर्ट सक्तीचा झाला, आणि १९२० च्या कायद्यानें ती पद्धत कायम केली. १९५४ पर्यंत पासपोर्ट प्रांतिक सरकारें देत. त्या वर्षीं मुंबई, कलकत्ता, दिल्ली, मद्रास आणि नागपूर अशा पांच ठिकाणीं मध्यवर्ती सरकारच्या कचेऱ्या निघाल्या. परदेशीं जाणें हा माणसाच्या व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, सरकारची मेहेरबानी नव्हे, असें सर्वोच्च न्यायालयानें एप्रिल १९६७ मध्यें सांगितलें, आणि त्याच वर्षीं जूनमध्यें पासपोर्टाचा आजचा कायदा झाला.

हक्क झाला, पण तो बजावण्यासाठीं रहिवासाचा पुरावा हवाच. येथें तलासरीकराची दुसरी अडचण सुरू होते. तलासरी हा भाग पूर्वीं ठाणें जिल्ह्याच्या उंबरगांव तालुक्यांत मोडे. वारल्यांच्या १९४५ च्या उठावाची सुरुवात ज्या झरी गांवच्या सभेनें झाली तो आज तलासरींत आहे, पण त्या वेळच्या कागदांत तो उंबरगांव तालुक्यांत सांपडतो. १ मे १९६० रोजीं द्विभाषिक मुंबई राज्याची वांटणी झाली, तेव्हां उंबरगांव तालुक्यांतील गांवांची यादी कायद्यांत घालून तीं गुजराथेंत गेलीं आणि उरलेला भाग महाराष्ट्रांत राहिला. १ ऑगस्ट २०१४ रोजीं ठाणें जिल्हा फुटून पालघर जिल्हा झाला. पलीकडे २६ जानेवारी २०२० रोजीं दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव हे दोन केंद्रशासित प्रदेश एक झाले. एवढ्या काळांत ज्यानें आपलें झोंपडें एक हातहि हलविलें नाहीं त्या माणसाचा पत्ता कितीदां बदलला हें मोजावें. बापाच्या जुन्या कागदावर तालुका उंबरगांव, जिल्हा ठाणें. मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर तालुका तलासरी, जिल्हा ठाणें. नातवाच्या पासपोर्टावर जिल्हा पालघर. परदेशच्या वकिलातींतील कारकुनानें नकाशा उघडला तर त्यास उंबरगांव दुसऱ्याच राज्यांत दिसतें. तिघेहि एकाच घरचे, हें सांगावयास चौथा कागद लागतो.

आणि हा चौथा कागद मिळवावयाचा कसा, याचीहि एक पायरी-पायरीची रचना आहे. तलाठी किंवा ग्रामपंचायत रहिवासाचा दाखला देते. तेवढ्यानें आज येथें राहतो एवढें ठरतें. वय, राष्ट्रीयत्व व अधिवास यांचा दाखला तहसील कचेरींतून निघतो, आणि त्यास सामान्यतः पंधरा वर्षांचें वास्तव्य दाखवावें लागतें. वास्तविक भारतांत अधिवास एकच, तो भारताचा. राज्याराज्याचा निराळा अधिवास नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें १९८४ सालीं एका निकालांत सांगून ठेविलें आहे. पण निकाल दिल्लींत राहिला आणि तहसिलींतील अर्जाचा नमुना आपल्या जागीं राहिला. त्यानंतर पोलिसांची चौकशी. परदेशीं दीर्घकाळ राहावयाचें असेल तर वर्तणुकीबद्दलचा निर्वेध दाखला. आणि जन्माच्या किंवा लग्नाच्या कागदावर ‘अपॉस्टिल’ नांवाची मुद्रा. हेग येथें १९६१ सालीं ठरलेल्या या मुद्रेच्या करारांत भारत २००५ सालीं सामील झाला, त्यामुळें दर देशाच्या वकिलातीकडे धांव घेण्याचें काम पुष्कळ कमी झालें, हें प्रांजलपणें सांगितलें पाहिजे. ज्या हेगमध्यें आमच्या सरंजामाचा कीस निघाला, त्याच गांवचें नांव डहाणूच्या मुलाच्या जन्मदाखल्याशीं असें पुन्हां जोडलें जावें, हा योगायोग मौजेचा आहे.

जन्मदाखल्याचें महत्त्व तर दिवसेंदिवस वाढतच आहे. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांस पासपोर्टासाठीं जन्मतारखेचा दुसरा कोणताहि पुरावा चालत नाहीं. त्यापूर्वीं जन्मलेल्यांस शाळेचा दाखला वगैरे पर्याय आहेत. हा नियम एका परीनें चांगला. आज आरोग्यकेंद्रांत जन्मणाऱ्या मुलाची नोंद होते, आणि तें मूल मोठें झाल्यावर त्याच्या आज्याप्रमाणें पुराच्या सालावरून वय सांगण्याची पाळी त्याच्यावर येणार नाहीं. पण जीं मुलें वाटेंत, वीटभट्टीवर, मासेमारीच्या बोटींच्या हंगामांत आईबापांबरोबर परगांवीं असतां जन्मतात, त्यांचें काय? डहाणू-तलासरीकडचीं किती तरी कुटुंबें पावसाळ्यानंतर मजुरीसाठीं बाहेर जातात. त्यांच्या मुलांचा जन्म जेथें झाला तेथें तीं राहत नाहींत आणि जेथें राहतात तेथें जन्मलीं नाहींत. जुनी माहेरची गोष्टच नव्या वेषांत आली आहे.

या भागांत रहिवासाचा पुरावा मागणारा आणखी एक कायदा आहे, आणि तो परदेशासाठीं नसून पायाखालच्या जमिनीसाठीं आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यानें आदिवासीस १३ डिसेंबर २००५ पूर्वींपासून कसत असलेल्या वनजमिनीवर हक्क सांगतां येतो. त्याच्या नियमांत पुराव्यांची जी यादी आहे तींत सरकारी कागद आहेत, घराच्या व विहिरीच्या जुन्या खुणा आहेत, आणि गांवांतील वृद्धांचें लिहून घेतलेलें निवेदनहि आहे. ग्रामसभेपुढें म्हातारा उभा राहून सांगतो कीं, या माणसाचा आजा याच टेकाडाखालीं नाचणी पेरीत असे, आणि तें बोलणें पुरावा म्हणून धरलें जातें. आमच्या माहितींतील सरकारी नियमांत माणसाच्या आठवणीस एवढा मान क्वचितच दिलेला आढळतो.

आतां त्याच म्हाताऱ्याचा नातू शिकला, आखातांत किंवा यूरोपांत त्यास काम लागलें, असें समजूं. आज्याच्या तोंडच्या शब्दावर जमिनीचा तुकडा नांवें झाला असेल, पण त्याच आज्याचा जन्म उधव्याच्या अलीकडे झाला कीं पलीकडे, हें सांगणारा शब्द लिस्बनला, रियाधला किंवा मुंबईच्या पासपोर्ट-कचेरीस चालावयाचा नाहीं. त्यासाठीं तो तलाठ्याच्या सजेवर जातो. मग तहसिलींत जातो. जन्मस्थानाच्या रकान्यापाशीं आला म्हणजे जिल्हा ठाणें लिहावा कीं पालघर, हें शेजारच्या खिडकीवरील माणसास विचारतो.